सिकेटरचं चामड्याचं होल्स्टर: शिवून झाल्यावर पुढे काय करायचं

आमच्या गोव्यातल्या सांखळी-डिचोली भागात ज्यांची कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, आहेत ते कंबरेला मागे लाकडी आकडी बांधून त्यात कोयता अडकवतात, नारळ काढणारा पाडेली माडावर चढतो तेव्हा त्याच्याही कंबरेला तीच, आणि कोयत्यासाठी आकडीहून चांगलं काही नाही असं माझं मत आहे. पण सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आकडीत राहत नाही. खिशात ठेवलं तर खिसा फाटतो, लॉक सुटलं तर टोक मांडीला लागतं, खाली ठेवलं तर पोफळीच्या पाल्यात असं नाहीसं होतं की अर्धा तास शोधा. म्हणून मी चामड्याचं होल्स्टर, म्हणजे बेल्टला लावायचं म्यान, करायला शिकलो, मग ओळखीच्यांना करून दिली, आता दोन-चार जण माझ्याकडे येऊन शिकतायत.

शिकणाऱ्यांचं एक बघितलंय, कापणं, आरीने भोकं पाडणं, दोन सुयांची शिवण, हे सगळं ते मन लावून करतात कारण त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, आणि शिवण संपली की एका संध्याकाळी पाणी, रंग, तेल, पॉलिश सगळं उरकून दुसऱ्या दिवशी बेल्टला लावून मोकळे होतात. आठ दिवसांत ते होल्स्टर एकतर ढिलं पडतं, नाहीतर त्याला बुरशी येते, नाहीतर सिकेटर त्यातून निघतच नाही. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि बाकीच्या महिन्यांतही हवा काही कोरडी नसते. राजस्थानात किंवा अमेरिकेत बसून कोणी सांगितलेले तास आपल्याकडे लागू पडत नाहीत. इथे प्रत्येक पायरीला वाळायला वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ दिला की बाकी काम खरंच सोपं आहे.

मी धरून चालतो की तुमचं होल्स्टर कापून, चिकटवून, शिवून तयार आहे, चामडं 3 ते 3.5 मिमी जाडीचं आहे, आणि दोन बाजूंच्या मध्ये शिवणीलगत चामड्याचीच एक पट्टी घातली आहे. ही पट्टी नसेल तर पुढे जाऊ नका, उसवा आणि घाला, कारण सिकेटरचं पातं थेट दोऱ्याला लागतं आणि महिन्याभरात दोरा आतून कापला जातो, बाहेरून कळतही नाही. आणि तळाला 4-5 मिमीचं एक भोक हवं, पाणी, माती, भुसा खाली पडायला.

आधी चामडं तेच आहे ना बघा

पुढचं सगळं फक्त व्हेज टॅन चामड्याला चालतं, म्हणजे झाडाच्या सालीच्या, फळांच्या टॅनिनमध्ये कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, आणि ती चपल बघितलीत तर कळेल की ते चामडं आकार कसं धरून ठेवतं. पर्सा, जॅकेटं, सोफे यांचं बहुतेक चामडं क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असतं, ते नरम असतं, पाण्याला चांगलं, पण त्याला ओलं करून कितीही दाबा, वाळलं की पुन्हा होतं तसं.

ओळखायला सोपं आहे. उरलेल्या तुकड्याची कापलेली कड बघा, व्हेज टॅन आरपार एकाच तपकिरी-पिवळट रंगाचं दिसतं, क्रोममध्ये मधोमध बऱ्याचदा निळसर-करडी रेघ असते. मग वर पाण्याचा एक थेंब टाका, व्हेज टॅन तो पिऊन टाकतं आणि तिथे गडद डाग पडतो, नखाने दाबलं तर वण राहतो. मी चोर्ला घाटाने वर जाऊन बेळगावहून चामडं आणतो, एकदा एका दुकानदाराने व्हेज टॅन सांगून दिलेलं चामडं घरी येऊन ओलं केलं तर थेंब वरच्यावर घरंगळला, तीन होल्स्टरचं सामान वाया गेलं. तेव्हापासून खिशात पाण्याची छोटी बाटली घेऊनच दुकानात जातो आणि विचारून कोपऱ्यावर थेंब टाकतो, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

कडा घासून एक करा

पाणी लावायच्या आधी कडा सरळ करून घ्या. दोन बाजू आणि मधली पट्टी असे तीन थर एकावर एक असतात आणि ते कधीच अगदी जुळलेले नसतात. रापीने आधी जास्तीचं काढा, मग पॉलिश पेपर, आधी 120 नंबर, मग 220. लाकडाच्या सपाट तुकड्यावर पेपर गुंडाळून घासा, बोटावर धरून घासलं तर कड मधे खोल जाते. तिन्ही थर मिळून एकच जाड पाटी वाटली पाहिजे, नख फिरवलं तर अडकायला नको. मग बेव्हलर असेल तर कडांचे कोन उतरवा, नसेल तर पेपरनेच गोल करा. शेवटची चमक आत्ता आणू नका, ओल्या साच्याच्या वेळी कड पुन्हा फुगणार आहे.

ओलं करून साचा बसवणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

आधी सिकेटर तयार करा. बंद करून लॉक लावा, पुसून तेलाचा हात फिरवा आणि स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा. हे का, तर व्हेज टॅनमधलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो, तो चामड्यात खोल जातो आणि निघत नाही. पूर्वी लिहायची काळी शाई याच दोन गोष्टींची करायचे, तेव्हा डाग किती पक्का असतो ते समजून घ्या. वर सिकेटरला गंज चढतो तो वेगळाच.

दुसरी तयारी लॉकच्या बाजूची. सिकेटरचं लॉक आणि मधली स्प्रिंग बाहेर आलेली असते, चामडं त्याच्या भोवती नीट बसलं की सिकेटर आत जातं पण बाहेर येताना लॉक अडकतं. म्हणून आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या आणि लॉकच्या टोकापासून वर तोंडापर्यंत फिल्मवर टेपने चिकटवा, म्हणजे चामड्यात एक सरळ नाळ तयार होते आणि लॉक त्या नाळेतून सरकत येतं. पिस्तुलाचं होल्स्टर करणारे नळीवरच्या माशीसाठी, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यासाठी, अशीच लाकडी गोल काडी लावतात, मी ते तिथूनच उचललं. (ते लोक साच्यासाठी खरं हत्यार वापरत नाहीत, त्याच मापाचं प्लास्टिकचं नकली वापरतात. लायसनवालं कोणी हे वाचत असेल तर तुम्हीही तसंच करा, गोळ्या काढल्यात हे पुरेसं समजू नका.)

आता होल्स्टर कोरडं असतानाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. का ते खाली येतं.

कोमट पाण्यात होल्स्टर बुडवा. बुडबुडे येतील, 20-30 सेकंदांत कमी होतील, तेव्हा बाहेर काढा. चिंब फुगेपर्यंत ठेवू नका, मग ते लोण्यासारखं होतं आणि आकार धरत नाही. काढल्यावर लगेच दाबायलाही लागू नका, पडवीत सावलीला ठेवा. वरचा गडद रंग हळूहळू मूळ रंगाकडे परतायला लागतो, पण गालाला लावलं तर अजून गार लागतं, ती वेळ. हिवाळ्यात मला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, जुलैत दीड तास सुद्धा बसलोय. या एका गोष्टीला घड्याळ चालत नाही, रंग बघायचा आणि गालाला लावायचं.

मग सिकेटर आत सारा. जोर लागेल, लागू दे. टोक तळाला पोचलं की आधी दोन्ही अंगठ्यांनी मधून बाहेर दाबत या, पात्याचा फुगीर भाग, मग दोन्ही बाजू जोडणारा मधला खिळा, मग हँडलचा उतार. चामडं अंगठ्याखाली थोडं थोडं खाली बसताना जाणवतं, जिथे बसत नाही तिथे घाई न करता अंगठा तसाच दाबून दहा आकडे मोजा. नंतर हाडाची पट्टी किंवा गुळगुळीत चमच्याची पाठ घेऊन कडेकडेने रेघा काढा. नखं कापून बसा, ओल्या चामड्यावर नखाचा वण आला की कायमचा.

नवीन माणूस इथे एक चूक करतो, सगळंच ठसठशीत कोरतो. दिसायला ते फार छान दिसतं, स्क्रूची फट सुद्धा उमटते, पण सिकेटर दोनच जागी धरलं गेलं पाहिजे, खिळ्याच्या मागच्या खोलगट भागात आणि पात्याच्या फुगीर बाजूला, बाकी ठिकाणी नुसता अंदाजे आकार पुरे. जितके कोपरे कोराल तितक्या ठिकाणी ते अडकेल.

आकार झाला की दहा-पंधरा मिनिटांनी सिकेटर हळूच काढून घ्या. काढताना तोंड वाकडं झालं तर पुन्हा हाताने सरळ करा. पुष्कळ जण सिकेटर आतच ठेवून वाळवतात, आपल्या हवेत ते नको, आत वारा जात नाही, बाहेरून कोरडं दिसतं आणि आत ओल राहते.

वाळवणं

सावलीत, पंख्याखाली, तोंड खाली करून टांगा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, ओव्हन तर नकोच. ओलं व्हेज टॅन 70 अंशांच्या आसपास गेलं की आकसून लाकडासारखं ठिसूळ होतं आणि पुन्हा सरळ होत नाही, मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सुद्धा तितकी उष्णता होऊ शकते. माझं एक होल्स्टर अंगणातल्या दुपारच्या उन्हात विसरलं गेलं होतं, संध्याकाळी तोंड दीड बोट आत आलेलं आणि वाकवलं तर वरचा थर तडकला.

डिसेंबर-जानेवारीत एक दिवस-रात्र पुरते. पावसात तीन दिवस धरा, कधी चार. पावसात मी एक लाकडी पेटी वापरतो, वर-खाली भोकं पाडलेली, आत तळाला जुना 60 वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे, एलईडी गरम होत नाही, आणि वरच्या बाजूला होल्स्टर टांगलेलं, बल्बपासून हातभर लांब. आत थर्मामीटर ठेवा, 40 ते 45 अंश असू दे, 50 च्या वर नको. घरात कोणी जागं असेल तेव्हाच चालू ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात हे करू नका, आग लागायला वेळ लागत नाही.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून ते वजन. माझं शेवटचं होल्स्टर कोरडं 148 ग्रॅम होतं, पाण्यातून काढल्यावर 203, दुसऱ्या दिवशी 161, आणि हाताला तेव्हाच अगदी कोरडं वाटत होतं. त्याच दिवशी मी तेल लावलं असतं तर ते 13 ग्रॅम पाणी आतच अडकलं असतं. तिसऱ्या दिवशी 150 वर येऊन थांबलं. पावसात पहिल्या आकड्यावर अगदी परत येईलच असं नाही कारण चामडं हवेतली ओल धरतं, तेव्हा सकाळी आणि रात्री वजन करा, दोन्ही वेळा आकडा तोच आला की वाळलं. नवीन लोकांना मी एवढी एकच सवय लावायला सांगतो, बाकी सगळं हात आपोआप शिकतो.

वाळल्यावर ते वाजवून बघा, टिचकी मारली तर टणक आवाज येतो. आता ते इतकं कडक वाटेल की भीती वाटेल. तसंच हवं.

रंग हवा असेल तर

मला स्वतःला रंग न लावलेलं आवडतं, उन्हाने आणि हाताने ते मधासारखं होत जातं. पण काळं हवं असेल तर बाजारचा डाय आणायची गरज नाही, आपल्याकडे माडाचं विनेगर आहे. काचेच्या बरणीत विनेगर आणि त्यात लोखंडाचा चुरा किंवा भांडी घासायची साध्या लोखंडाची लोकर, स्टेनलेस स्टीलची चालणार नाही, आणि लोकरीला तेल असतं ते आधी साबणाने धुऊन टाका. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो, घट्ट लावलं तर बरणी फुटेल. आठ-दहा दिवसांनी कपड्यातून दोनदा गाळा. हे पाणी गढूळ, फिकट दिसतं, पण व्हेज टॅनवर ब्रश फिरवला की बघता बघता चामडं आधी करडं आणि मग काळंभोर होतं, मघाशी डाग म्हणून ज्याला घाबरलो तीच क्रिया आता मुद्दाम केली. हा रंग वर बसलेला नसतो, चामडंच काळं झालेलं असतं, म्हणून पँटला लागत नाही. नंतर एक लिटर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने एकदा पुसून घ्या म्हणजे आंबटपणा मरतो, मग साध्या पाण्याने, आणि पुन्हा वाळवणं, पुन्हा वजन. पहिला प्रयोग तुकड्यावर करा.

बाजारचा डाय वापरलात तर सुकल्यावर सुती कपड्याने घासत राहा, कपड्याला रंग लागायचा थांबेपर्यंत. ही पायरी टाळली की पहिल्याच पावसात कंबरेला रंग.

तेल, आणि किती कमी

पाण्यामुळे चामड्यातलं थोडं तेल गेलेलं असतं, ते परत द्यायचं, बस. जनावराच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट ऑइल यासाठी सगळ्यात चांगलं मानतात, ज्यांना ते घरात नको असतं त्यांनी ऑलिव्ह ऑइल वापरावं, माझा अनुभव चांगला आहे. कपड्यावर घ्या, चामड्यावर ओतू नका, बाहेरून एक पातळ हात, आणि रात्रभर ठेवा. सकाळी रंग सगळीकडे सारखा झालेला दिसेल. आत तेल लावायचं नाही.

खोबरेल लावू का, हे प्रत्येक जण विचारतो कारण ते घरात असतंच. नको. ते 24-25 अंशांच्या वर पातळ असतं म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर, चामड्यात खोल पसरत जातं आणि होल्स्टर लुळं पडतं, आणि डिसेंबरच्या गार पहाटे तेच गोठून वर पांढरट थर दिसतो, लोक त्याला बुरशी समजतात.

शेजारच्या तात्यांनी होल्स्टर घट्ट आहे म्हणून दोन दिवस तेलात भिजत ठेवलं होतं. मला दाखवायला आणलं तेव्हा हातात धरलं तर दोन्ही बाजूंनी लोंबत होतं. “नरम झालं की बसेल असं वाटलं रे,” म्हणाले. ते चामडं उत्तम होतं, शिवण त्यांचीच, माझ्याहून बारीक, आणि त्याला पुन्हा कडक करायचा काही उपाय मला ठाऊक नाही. होल्स्टर आकारामुळे धरतं आणि आकार कडकपणामुळे टिकतो. नरम चामडं चपलेला, पिशवीला ठीक.

कडांची चमक

आता कडा. पुन्हा 400 नंबरचा पेपर, मग 600. कतीरा डिंक, उन्हाळ्यात सरबतात घालतात तो, छोटा चमचाभर एका पेल्यात रात्रभर भिजवला की फुगून जेलीसारखा होतो, तो बोटाने कडेला लावा, फक्त कडेला, आणि सुती जाड कापडाने किंवा लाकडाच्या खाचेने जोरात घासा. मी करवंटीचा एक तुकडा घासून गुळगुळीत करून ठेवलाय, त्याच्या आतल्या वळणात कड बरोबर बसते. घासताना आधी नुसतं ओलं ओलं लागतं, मग कापड किंचित चिकटायला लागतं, आणि मग एकदम सुळसुळीत सरकतं आणि कड काचेसारखी दिसते, त्या क्षणाची मला अजून प्रत्येक वेळी मजा येते. दोन-तीनदा करा. शेवटी मेण चोळा आणि पुन्हा घासा.

मेण म्हणजे मधमाशीचं. चर्चबाहेर किंवा बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या मेणबत्त्या बहुतेक पॅराफिनच्या असतात, त्या ठिसूळ थर धरतात आणि पापुद्रे निघतात. मधमाशीच्या मेणाला मधाचा वास असतो आणि हातात चोळलं की मऊ होतं.

वरचा थर

एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग ऑलिव्ह ऑइल, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको, मेण 62-64 अंशांना वितळतं, त्याहून जास्त तापवायची गरज नाही. गार झालं की मलम होतं. बोटाने बाहेरून अगदी पातळ लावा, दोन तास ठेवा, जास्तीचं पुसा, ब्रशने चमकवा. भर पावसात काम करणाऱ्यांनी याच्याऐवजी ॲक्रिलिक फिनिश घ्यावं, निम्मं पाणी घालून, दोन पातळ हात, मधे एक दिवस. जाड हात दिला की वाकते तिथे तडे जातात. आणि पुन्हा सांगतो, वजन थांबलेलं नसताना वरून बंद केलंत तर आतली ओल बुरशी होऊनच बाहेर येईल.

आता सिकेटरची आणि होल्स्टरची ओळख

पहिल्यांदा घालाल तेव्हा सिकेटर अर्ध्यातच थांबेल किंवा आत गेलं तर निघणार नाही. घाबरू नका, कापू नका, तात्यांसारखं तेल तर अजिबात नको.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन कोरड्या करा, त्या जाड असतात. दोन पिशव्या सिकेटरवर गुंडाळा आणि हळूहळू आत ढकला, थोडं डावीकडे उजवीकडे हलवत. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी काढा आणि एकच पिशवी ठेवून पुन्हा, अजून एक रात्र. तिसऱ्या दिवशी बिनपिशवीचं घालून बघा. बहुतेक वेळा एवढ्यात बसतं, चामडं केसाच्या जाडीएवढं सरकलेलं असतं आणि तेवढंच हवं असतं.

मग हातात घेऊन बसा आणि घाला-काढा, पन्नास वेळा, शंभर वेळा, टीव्ही बघत केलंत तरी चालेल, फक्त लॉक लावलेलं असू दे आणि दुसरा हात तळाखाली नको. कुठे तरी खरखर लागत असेल तर केक भाजायचा बटर पेपर एक पट्टी आत घालून दहा वेळा घाला-काढा. बॅटरी लावून आत बघा, जिथे जास्त घासतंय तिथे चामडं गडद आणि चकचकीत झालेलं दिसेल. चमच्याच्या दांड्याने आतून फक्त तिथेच बाहेर दाबा.

किती घट्ट बरोबर? पलंगावर होल्स्टर उलटं धरा आणि दोन झटके द्या. सिकेटर पडलं नाही आणि नंतर एका हाताने, होल्स्टर दुसऱ्या हाताने न धरता निघालं, की बरोबर. पडलं तर तोंडाला टिचबटणाची पट्टी लावा, किंवा फक्त खिळ्याच्या भागावर ओला स्पंज फिरवून तेवढाच साचा पुन्हा दाबा, मेण लावायच्या आधी हे करून घेतलंत तर सोपं जातं. म्हणून मी घाला-काढा थोडी तेलानंतर, मेणाच्या आधीच करून बघतो.

शेवटी बेल्टवर. बेल्ट कडक हवा, साधारण 40 मिमी रुंद, पातळ फॅन्सी बेल्टवर होल्स्टर बाहेर लोंबतं आणि काढताना वर येतं. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे लावा. घालून उकिडवे बसा, वाका, शिडी चढा, स्कूटरवर बसा. कुठे टोचतंय ते आत्ताच कळू दे. पहिला आठवडा रोज तासभर घाला, लगेच पूर्ण दिवस नको, चामडं तुमच्या कंबरेच्या वळणाला हळूहळू येतं, आणि आलं की ते दुसऱ्या कोणाच्या कंबरेला तितकं नीट बसत नाही.

पावसातलं आणि कुळागरातलं

रात्री सिकेटर होल्स्टरमध्ये ठेवू नका. कधीच नको, पावसात तर नकोच. दोन्ही वेगवेगळे ठेवा, होल्स्टर भिंतीपासून सुटं, वारा लागेल असं टांगून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलेलं चामडं चवथीपर्यंत हिरवं-पांढरं होतं. बुरशी दिसलीच तर अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, घरात झाडली तर ती सगळीकडे पसरते, मग निम्मं विनेगर निम्मं पाणी घेतलेल्या कपड्याने पुसा, सावलीत वाळवा, वाळल्यावर मलमाचा पातळ हात. पितळी रिवेटभोवती हिरवा मऊ थर दिसला तर तो बुरशी नसतो, चामड्यातलं तेल आणि तांबं मिळून होतो, काडीने खरवडून पुसला की झालं.

भिजलं तर कागद कोंबून आकार धरा आणि आधीसारखंच सावलीत वाळवा. केळीचा चीक लागला तर लगेच ओल्या कपड्याने, वाळला की डाग राहतोच. काजूच्या दिवसांत बोंडांचा रस आत गेला तर मुंग्या येतात, तळाच्या भोकातून पाणी ओतून काढा आणि वाळवा. आणि कच्च्या काजूच्या टरफलाचं तेल लागलं असेल तर हातमोजे घालूनच पुसा, ते कातडी भाजतं, तुमची सुद्धा.

माझ्या स्वतःच्या होल्स्टरला आता सहा पावसाळे झाले. कडेचं मेण वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की, मलम त्याच वेळी, आणि गेल्या वर्षी तोंडाजवळचे चार टाके बदलले कारण दोरा घासून बारीक झाला होता.